अभंगाच्या वाटेने ख्रिस्ताकडे : रेव्हरंड नारायण वामन टिळक

नाताळचा सण महाराष्ट्रातील हिंदु कुटुंबांस आपला नसला, तरी अनोळखीही नाही. शेजारच्या ख्रिस्ती घरातून आलेले करंज्या-केकचे ताट, दारावर टांगलेला कागदी तारा आणि चर्चमधून ऐकू येणारे मराठी भजन यांची आपणांस सवय आहे. यांपैकी ताऱ्याचे व केकचे मूळ परदेशात सापडेल. भजनाचे मात्र तसे नाही. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ताची स्तुती अभंगात गाण्याचा जो प्रघात आज मराठी चर्चमध्ये आहे, त्यामागे एका चित्पावन ब्राह्मण कवीचे आयुष्य उभे आहे. शाळेच्या पुस्तकात 'केवढे हे क्रौर्य' ही कविता वाचून ज्यांचे डोळे पाणावले असतील, त्यांना हा कवी ठाऊकच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. फुलामुलांचे कवी म्हणून मराठी रसिक त्यांस ओळखतात.

परंतु टिळकांची कविता हा त्यांच्या चरित्राचा अर्धाच भाग होय. आपल्याला जे सत्य गवसले असे वाटते ते दुसऱ्यापर्यंत पोचविण्यासाठी मनुष्याने किती दूर जावे, आणि जाताना काय सोडावे लागते, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या अंगावर घेतला. प्रत्येक वेळी ते सुखाची, ओळखीची जागा सोडून बाहेर पडले, आणि प्रत्येक वेळी त्याचे मोल त्यांना व त्यांच्या घराला द्यावे लागले. धर्म कोणताही असो, श्रद्धावान घराने समजून घ्यावी अशी ही कथा आहे.

कोकणातील बालपण

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व त्यांचा स्वभाव अतिशय कडक होता. आई जानकीबाई मृदू अंतःकरणाच्या, भाविक आणि काव्याची आवड असलेल्या. ओव्या, अभंग आणि देवाचे नाव यांचे पहिले संस्कार नारायणावर आईच्या मांडीवर झाले. ही माउली मुलगा लहान असतानाच निवर्तली. त्या दुःखाने आणि घरातील कठोर वातावरणाने व्याकुळ झालेला नारायण घर सोडून निघाला व नाशिक क्षेत्री आला.

नाशिकला गोदातीरी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा व्युत्पन्न गुरू लाभला. इंग्रजी शाळेतही थोडी वर्षे काढली. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ आणि कवित्व उपजत असल्याने हा तरुण लवकरच लोकांच्या डोळ्यांत भरला. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्याचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. विवाहसमयी ती अवघी अकरा-बारा वर्षांची होती. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी आत्मचरित्रात अढळ स्थान मिळविणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या याच.

भटकंतीची वर्षे आणि नागपूर

टिळकांचा पाय एका ठिकाणी ठरत नसे. कधी शिक्षक, कधी पुराणिक व कीर्तनकार, कधी लेखक, अशा अनेक भूमिका त्यांनी केल्या. हाती आलेला पैसा गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी यावे, हा त्यांचा नित्याचा क्रम होता. रागही लवकर येई आणि पश्चात्तापही तितक्याच लवकर होई. अशा पतीबरोबर संसार करताना लक्ष्मीबाईंची जी ओढाताण झाली ती त्यांनी पुढे विनोदाच्या अंगाने सांगितली आहे. परंतु त्या हास्यामागचे कष्ट वाचकाला लपत नाहीत.

विदर्भाशी टिळकांचा संबंध आला तो नागपूरमुळे. तेथील धनिक व विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. 'ऋषी' नावाचे मासिक काढून हिंदु धर्मासंबंधी प्रश्नांची चर्चा केली. या काळात त्यांच्या मनात एक तळमळ सुरू झाली होती. आपल्या देशात जातिभेदाने माणूस माणसापासून तुटला आहे, धर्माची चर्चा पुष्कळ होते पण दुबळ्याचे दुःख हलके होत नाही, हे पाहून ते अस्वस्थ होत. देशाचा उद्धार व्हावयाचा तर धर्माची नवी उभारणी झाली पाहिजे, असे त्यांस वाटू लागले. ही तळमळ परक्या धर्माच्या ओढीतून आलेली नव्हती. ती स्वदेशप्रेमातून आलेली होती.

आगगाडीतील भेट

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावास निघाले होते. गाडीच्या डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. त्या काळी राज्यकर्त्यांच्या वर्णाचा मनुष्य देशी प्रवाशाशी सौजन्याने वागेल याची खात्री नसे. या गृहस्थाने मात्र आदराने जागा करून दिली, संस्कृत काव्यावर गप्पा केल्या, आणि उतरण्यापूर्वी ख्रिस्ती धर्मग्रंथाची प्रत हाती ठेवून ती वाचण्याची विनंती केली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकितही त्याने केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. परंतु ग्रंथ वाचण्याचा शब्द त्यांनी दिला होता व तो त्यांनी पाळला.

आरंभीची पाने त्यांनी केवळ दिलेल्या शब्दाखातर वाचली. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांना उठवेना. शत्रूवर प्रीती करणे, दीनांस धन्य म्हणणे, मनातील हिंसेसही हिंसाच मानणे, ही शिकवण त्यांच्या मनातील प्रश्नांना उत्तरासारखी वाटली. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीवर वाढलेल्या या मनाला ख्रिस्त परका भासला नाही. पुढे ते नेहमी सांगत की आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामांच्या पुलावरून. या एका धारणेत त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज आहे.

पहिला उंबरठा

विचार पटला म्हणजे आचार बदलतोच असे नाही. टिळक काही काळ गुप्तपणे पत्रव्यवहार करीत राहिले. राजनांदगावात त्यांच्या नव्या मतांचा सुगावा लागताच लोकांचा रोष ओढवला. पोट भरण्याचे साधन, आप्तेष्ट, जातीतील मान, आणि सर्वांत मुख्य म्हणजे पत्नी व लहानगा पुत्र दत्तू, हे सर्व एका बाजूस होते. दुसऱ्या बाजूस मनाला पटलेले सत्य होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता भारतीय पाळकाच्या हातून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता व तो मान्य झाला. धर्म बदलला तरी देश बदलत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी अशा रीतीने सांगून टाकले.

या प्रसंगाकडे पाहताना हिंदु वाचकाच्या मनात खिन्नता दाटून येते, आणि ती अनाठायी नाही. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पतीच्या या निर्णयास त्यांची संमती नव्हती. त्यांच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत असता वैधव्याहून कठीण अवस्था प्राप्त झाली. सोवळ्या-ओवळ्याचा कडकडीत आचार असलेल्या घरात वाढलेली ही स्त्री मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने राहू लागली. पंढरपुरात काही काळ त्यांनी काढला. विठ्ठलाच्या त्या नगरीत, दुःख असह्य झाले म्हणजे त्या पद्यरचना करीत. शाळा न पाहिलेल्या या बाईंच्या हाती लेखणी आली ती अशी, वियोगातून.

टिळकांच्या निर्णयाचे खरे मोल त्यांच्याइतकेच, कदाचित अधिक, लक्ष्मीबाईंनी दिले. हे मान्य केल्याशिवाय त्यांचे चरित्र प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. सत्यासाठी घर सोडणाऱ्याचे कौतुक होते. मागे राहिलेल्या घराचे अश्रू मात्र बहुधा कोणी मोजत नाही. मराठी वाङ्मयाचे भाग्य असे की येथे ते अश्रू लक्ष्मीबाईंनी स्वतःच मोजून ठेवले.

पुनर्मीलन

१८६६ च्या कायद्यान्वये धर्मांतरित व्यक्तीस, जोडीदार नांदण्यास तयार नसल्यास, विवाहबंधनातून मुक्त होण्याची वाट खुली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्नीची वाट पाहत राहिले, पत्रे लिहीत राहिले. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगर भागात त्यांच्याकडे आल्या. आल्या त्या हिंदु म्हणूनच. त्यांचे स्वयंपाकपाणी वेगळे राहिले, आणि टिळकांनी त्यास हरकत घेतली नाही. ज्या पुरुषाने धर्मप्रसार हेच जीवितकार्य मानले होते, त्याने आपल्या पत्नीवर मात्र शब्दाचीही सक्ती केली नाही.

बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. देवाने माणसे निर्माण केली, जाती माणसाने केल्या, मग अमक्याचे पाणी चालते आणि तमक्याचे चालत नाही हे कसे, असा प्रश्न एके दिवशी त्यांच्या मनात उभा राहिला आणि सोवळ्याचे बंधन आपोआप गळून पडले. त्यानंतर पुढील पाऊलही त्यांनी आपणहून टाकले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या उभयतांच्या जीवनात मन वळविण्याचे काम वादाने झाले नाही, धीराने झाले. टिळकांच्या पुढील कार्यावर या अनुभवाचा खोल ठसा उमटला असल्यास नवल नाही.

दुसरा उंबरठा

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत अध्यापन करू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून, १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या जुन्या ख्रिस्ती पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मान, वेतन, राहण्यास जागा आणि एक नवा समाज, असे सर्व स्थिरस्थावर झाले. येथे थांबले असते तर कोणी नावे ठेवली नसती.

परंतु या नव्या घरातही त्यांस एक गोष्ट सलू लागली. चर्चमधील गीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती, चाली परदेशी होत्या, बसण्या-उठण्याची रीतही परदेशी होती. देशबांधवांना ख्रिस्त समजावा असे वाटते, आणि त्याला मात्र आपण साहेबाच्या पोशाखात उभा करतो, हा विरोध त्यांना असह्य झाला. धर्मांतर म्हणजे देशांतर असे लोक समजतात, आणि तसे समजण्यास आपणच कारण देतो, हे त्यांनी आपल्या नव्या धर्मबंधूंस निर्भयपणे सुनावले. यामुळे काही मंडळी दुखावली. ब्राह्मणांनी परका मानलेला हा मनुष्य काही ख्रिस्ती लोकांच्या दृष्टीने आता फारच हिंदु ठरू लागला. दोन्हीकडून एकटे पडण्याची ही पाळी त्यांनी शांतपणे स्वीकारली.

त्यांनी उपाय केला तो मराठी संतांच्या पद्धतीने. अभंग, ओवी, पद, आरती, कीर्तन ही साधने हाती घेतली. ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात नगर भागात आधीच झालेली होती. टिळकांनी तीत आपल्या वाणीचे व कवित्वाचे बळ ओतले. शंभराहून अधिक भक्तिगीते त्यांनी रचली आणि आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत ती गायली जातात. 'अभंगांजली' या त्यांच्या रचनांत आर्तता, सलगी, रुसवा, शरणागती हे वारकरी भक्तीचे सर्व भाव आढळतात. देवाला माउली म्हणण्याची आपल्या संतांची रीत त्यांनी ख्रिस्ताच्या ठायी वापरली. मराठी भाषेत भक्तीचे जे पाट ज्ञानेश्वरांपासून वाहत आले होते, त्यांतच त्यांनी आपली धार सोडली.

या मार्गाला एक जुना पूर्वज होता. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या पुराणांच्या धर्तीवर मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ साली छापले गेले. परदेशातून आलेल्या त्या पाद्र्याने मराठीच्या गोडीपुढे मान लवविली होती. टिळकांनीही 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले. ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि अखेरचा हात पुत्र देवदत्त यांनी फिरविला. एकेकाळी ज्या धर्मापायी घर दुभंगले, त्याच धर्माचे काव्य त्या घराने मिळून तडीस नेले.

टिळकांचे घर नुसते उपदेशाचे नव्हते. अनाथ, निराधार, वाट चुकलेले असे कोणीही तेथे यावे आणि राहावे. बालकवी ठोमरे यांसही या घराने पुत्रवत प्रेम दिले. त्या तरुण कवीला कोणी धर्म बदलण्यास सांगितले नाही. तो आला तसा हिंदु राहिला आणि निसर्गाचे गाणे गात राहिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्या कोवळ्या कवीचा जो गौरव झाला, त्याचा आनंद टिळक दांपत्यास घरच्या मुलाइतका झाला असणार.

रानातले फूल

टिळकांच्या 'वनवासी फूल' या काव्यात कवीचा रानातल्या फुलाशी संवाद आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात राहणाऱ्या वाचकास त्या कल्पनेचे मर्म अधिक जवळून कळेल. ताडोबाच्या वेशीवर, इरई जलाशयाजवळ वसलेल्या मोहर्लीसारख्या गावातून रानात शिरले की, कोणी पाहणारे असो वा नसो, फुलणाऱ्या शेकडो फुलांनी वाट भरलेली असते. एकांतात उमलणे पुरे, की ज्यांना गंधाची गरज आहे त्यांच्यापर्यंत गेले पाहिजे? भारतीय अध्यात्मातील निवृत्ती आणि प्रवृत्ती यांचा हा जुनाच प्रश्न होय.

हा प्रश्न या भूमीने अनेकांस विचारला आहे. ताडोबाच्या तळ्याकाठी ज्या तारू देवाचे स्थान आहे, तो गोंड परंपरेप्रमाणे वाघाशी झुंजताना पडलेला वीर. लोकांसाठी सुरक्षित जागा सोडणाऱ्याला येथील वनवासी देव मानतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तरुणपणी चिमूर भागातील रामदिघी, गोंदोड्याच्या रानात साधना केली. त्या एकांतात ते कायमचे रमले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. ते खंजिरी घेऊन बाहेर पडले, गावोगाव फिरले, आणि १९३५ साली मोझरीस गुरुकुंज उभे राहिले. त्याही पूर्वी नामदेवराव विठ्ठलाचे नाव घेऊन पंजाबपर्यंत गेले होते. त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली आहेत. पंढरपूर सोडवत नसताना पंढरीचा महिमा दुसऱ्या भाषेच्या लोकांत जाऊन गाणे, हे नामदेवांचे धाडसच नव्हते काय? श्रद्धा वाटून घेण्यासाठी ओळखीची ओसरी सोडणे हा कोण्या एका धर्माचा मक्ता नाही.

चांद्यासही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधील एपिस्कोपल चर्चचे कार्य सुरू झाले होते. दूरदेशची थंड हवा सोडून चांद्याच्या उन्हाळ्यात राहण्यास आलेल्या त्या माणसांनाही आपापले उंबरठे ओलांडावे लागले असतील. त्या काळी अशा कार्यामागे परकी सत्ता उभी होती आणि म्हणून आपल्या लोकांच्या मनात संशय राही. तो संशय निराधार म्हणता येणार नाही. टिळकांचे वेगळेपण यातच आहे. ख्रिस्ती माणसांमध्ये राहूनच त्यांनी हा संशय ओळखला आणि तो दूर व्हावा म्हणून ज्याचा त्याग करावयास हवा त्याचा त्याग केला.

तिसरा उंबरठा

१९१७ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, टिळकांनी तिसऱ्यांदा घर सोडले. मिशनचे वेतन त्यांनी नाकारले. पगारी धर्मोपदेशकाच्या शब्दावर देशबांधव विश्वास ठेवीत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. आपल्या देशात जो मागत नाही, साठवीत नाही, त्याच्या तोंडून देवाचे नाव ऐकण्याची लोकांस सवय आहे. म्हणून त्यांनी संन्यासवृत्ती पत्करली आणि साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' स्थापन केला.

या दरबाराची कल्पना त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. ख्रिस्तावर प्रेम करणारा कोणीही त्यात यावा, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. पंथ, जात, वर्ण यांची अट नाही. परदेशी सत्तेचा आधार नाही, परदेशी पैशाचा आधार नाही. ज्या कृत्यामुळे बावीस वर्षांपूर्वी त्यांचा संसार उद्ध्वस्त झाला होता, तो बाप्तिस्मा इतरांसाठी त्यांनी प्रवेशाची अट ठेवला नाही. समाजातून तोडून घेऊन माणसाला आपल्याकडे ओढावे, यापेक्षा तो जेथे आहे तेथेच त्याच्या अंतःकरणात ख्रिस्ताचे प्रेम उमलावे, अशी त्यांची इच्छा होती. ही भूमिका चर्चमधील अनेकांस मानवली नाही. हिंदु मंडळींपैकीही कोणी तिच्याकडे संशयाने पाहिले असेल. तथापि टिळक डगमगले नाहीत.

साताऱ्याला समर्थ रामदासांच्या सज्जनगडाचा शेजार. त्या परिसरात एका ख्रिस्ती संन्याशाने दरबार मांडावा यात एक औचित्य आहे. बंगालात, टिळकांच्याच जन्मवर्षी जन्मलेले ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी ख्रिस्ती होऊनही भगवे वस्त्र धारण केले होते. दक्षिणेत मदुरेस, सतराव्या शतकाच्या आरंभी, इटालियन पाद्री रॉबर्टो डी नोबिली यांनी संन्याशाचा वेष घेतला होता. भारतात धर्म सांगावयाचा तर आधी त्याग दाखवावा लागतो, हे या सर्वांनी ओळखले.

अखेर आणि वारसा

दरबारास पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला. ख्रिस्ती रूढीप्रमाणे आपला देह पुरू नये, तर या देशाच्या रीतीप्रमाणे त्यास अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती आणि तसेच करण्यात आले. आयुष्यभर जे सांगितले तेच त्यांनी मरणातही पाळले.

त्यांच्या माघारी दरबार फार काळ टिकला नाही. संस्था उभारून ती चालविणे हा त्यांचा पिंडच नव्हता. परंतु विचार मेला नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. खादी, साधे अन्न, भारतीय उपासनापद्धती ही त्या आश्रमाची वैशिष्ट्ये होती. याच संघात १९२७ साली व्हेरियर एल्विन नावाचा तरुण इंग्रज आला, आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह मंडला जिल्ह्यातील गोंडांच्या वस्तीत राहण्यास गेला. त्याने गोंडांस ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न केला नाही. उलट त्यांच्यापासून शिकत शिकत त्यांचाच झाला, आणि पुढे चर्चमधूनही बाहेर पडला. धर्म सांगावयास निघालेला मनुष्य शेवटी ऐकावयास बसला. आपल्या अरण्यप्रदेशातील गोंड बांधवांचे जीवन जगापुढे आदराने मांडणाऱ्यांत त्याचे नाव आज अग्रभागी आहे. टिळकांच्या पाऊलवाटेची एक शाखा अशी गोंडवनापर्यंत आली.

आणि लक्ष्मीबाई? पतीच्या पश्चात त्या सतरा वर्षे हयात होत्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि सर्व जातिधर्मांच्या मराठी वाचकांनी ती डोक्यावर घेतली. त्यांत टिळकांचे दोष झाकलेले नाहीत. त्यांचा संताप, त्यांचा विसरभोळेपणा, त्यांची उधळ दानत, त्यांनी दिलेले दुःख, सर्व काही आहे. आणि हे सर्व असूनही त्या ग्रंथात टिळकांविषयी जे प्रेम भरून राहिले आहे, त्याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणा धर्मोपदेशकास मिळाले नसेल. ज्या व्यक्तीस त्यांच्या श्रद्धेने सर्वाधिक जखम केली, तिनेच त्यांच्या श्रद्धेची साक्ष दिली.

घराघरांसाठी बोध

टिळकांच्या धर्मांतराशी हिंदु वाचकाने सहमत व्हावे असे कोणी म्हणणार नाही. आपला धर्म आपल्यापाशी पूर्ण आहे, अशी ज्याची श्रद्धा आहे त्याने ती निश्चिंतपणे जपावी. पण या चरित्रातून तीन गोष्टी कोणत्याही देवघरात ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, दुसऱ्याच्या मनापर्यंत जावयाचे तर त्याच्या भाषेच्या, त्याच्या संतांच्या वाटेने जावे. तुच्छतेच्या वाटेने गेलेला शब्द दारातच थांबतो. दुसरी, श्रद्धेचे दान करणाराने आधी स्वतःचे काही सोडावे. ज्याला काही गमवावे लागत नाही त्याच्या उपदेशाला वजन येत नाही. तिसरी, सक्ती करू नये. ज्या टिळकांनी देशाला हाक दिली, त्यांनीच पत्नीच्या वेगळ्या चुलीचा मान राखला आणि वाट पाहिली.

टिळकांच्या घरात वाढलेले बालकवी हिंदु राहिले, लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, आणि दोघांवरही त्यांनी सारखेच प्रेम केले. आजच्या दिवशी शेजारच्या ख्रिस्ती घरातून फराळाचे ताट येईल, तेव्हा ते आनंदाने घ्यावे आणि रिकामे परत पाठवू नये, ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. ताटाबरोबर एखाद्या अभंगाचे सूर कानी आले तर तेही ऐकावेत. चाल ओळखीची वाटेल, कारण ती देहू-आळंदीच्या वाटेनेच तेथे गेली आहे. सर्व वाचकांस नाताळच्या शुभेच्छा, आणि तुकारामांच्या पुलावरून चालत गेलेल्या त्या कवीच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.